केशसंस्कार आणि विस्तव

जे. पी. नगरातील आमच्या बिऱ्हाडात सकाळच्या प्रहरी दोन निरनिराळे वास येतात. पहिला येतो भिंतीपलीकडून. शेजारच्या कन्नड आजी शुक्रवारी न्हाणे उरकले की लोखंडी धुपाटण्यात निखारे घेतात, त्यांवर सांब्राणीची चिमूट टाकतात, वर विरळ विणीची वेताची टोपली उपडी घालतात आणि तिच्यावर नातीचे ओले केस पसरतात. दुसरा वास घरातलाच. माझ्या थोरल्या भावाची मुलगी नोकरीनिमित्त पुण्याहून येथे आली, ती आमच्याकडेच राहते. कचेरीस निघण्यापूर्वी विजेच्या चिमट्यात, तिच्या भाषेत स्ट्रेटनरमध्ये, बटा धरून ती केस सरळ करते. एरवी या क्रियेला वास नसतो. परंतु गेल्या मार्गशीर्षात, तिच्या साखरपुड्याला आठच दिवस उरले असताना, घाईघाईने तिने अर्धवट ओल्या केसांनाच चिमटा लावला. चर्र असा आवाज झाला आणि कानामागची एक बट तुटून तिच्या हातात आली. साताऱ्याहून आलेली माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती "काय गं जळलं?" असे विचारीतच.

पोरीची समजूत घालण्याचे काम बायकामंडळींनी केले. माझ्यासारख्या कारकुनाला सवय, ती कोणतेही प्रकरण पुढ्यात आले की त्याचे मागील कागद काढून पाहण्याची. केस आणि विस्तव यांच्या संबंधाचे हे मागील कागद पाहता पाहता किती मागे जावे लागेल, याची मात्र मला आरंभी कल्पना नव्हती.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कागद कालिदासाचा. उज्जयिनीवरून जाणाऱ्या मेघाला यक्ष सांगतो की, तेथील गवाक्षांतून स्त्रियांच्या केशसंस्काराचा धूप बाहेर पडत असेल आणि त्याने तुझे अंग पुष्ट होईल. शाळेत हा श्लोक शिकताना आम्ही त्यातील कल्पनेचे कौतुक केले आणि पुढे गेलो. आज त्यातील व्यवहार दिसतो. एका नगरात खिडक्याखिडक्यांतून धूर निघावा एवढ्या प्रमाणावर केस धुपविले जात होते, आणि ही गोष्ट वाचकाला समजावून सांगण्याची कवीला गरज वाटली नाही. ऋतुसंहारातील हेमंतवर्णनातही काळ्या अगरूने केस धुपविणाऱ्या स्त्रिया आहेत. धूप द्यावयाचा तो सुगंधासाठी हे खरेच. परंतु थंडीच्या दिवसांत ओले केस सुकविण्याचेही काम त्याच निखाऱ्यांनी होत असले पाहिजे. लांब आणि दाट केस सुकायला किती वेळ लागतो हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला यासाठी टीकाकाराची साक्ष नको.

येथे एका शब्दाची गंमत नोंदविण्याजोगी आहे. कालिदासाचा अगरू म्हणजे आसामाकडील सुगंधी लाकूड. अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे लाकूड, आणि अत्तराच्या व्यापारात आजही ऊद म्हणजे हेच अगरू. मराठी घरातला ऊद मात्र लाकूड नव्हे. तो सुमात्रा बेटाकडील झाडाचा डिंक, ज्याला अरब व्यापारी जावी लोबान म्हणत आणि दक्षिणेत सांब्राणी म्हणतात. म्हणजे आमच्या भिंतीच्या अलीकडचा ऊद आणि पलीकडची सांब्राणी एकच. नाव मात्र आपण महागड्या लाकडाचे उचलले आणि ते स्वस्त डिंकाला दिले. ज्या मानसोल्लास ग्रंथात जुन्या मराठीच्या खुणा सापडतात म्हणून आपण त्याचे नाव आदराने घेतो, तो कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ग्रंथ. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानाला जसे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच धूपालाही आहे.

कुरळे केस करण्याची हौसही जुनीच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील प्रसाधनात दंग असलेली राजकन्या आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिलेली असते. बेंगळुरूस बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिली जोडून सुटी मिळताच मुलाबाळांसह बेलूर-हळेबीड गाठतो, आणि १११७ सालच्या त्या चेन्नकेशव मंदिरात हातात आरसा घेतलेल्या दर्पणसुंदरीसमोर त्याला फार वेळ उभे राहावे लागते, कारण बरोबरची मंडळी हलत नाहीत. कपाळावरच्या अशा कुरळ्या बटांना अमरकोशात 'अलक' असा शब्द असून त्याचाच पर्याय 'चूर्णकुंतल' असा दिला आहे. चूर्णाने, म्हणजे सुगंधी पूड लावून, वळविलेले केस. पूड आणि लेप लावून बट वळवावी, ती तशीच सुकू द्यावी, आणि ऊब द्यायची तर धुराची द्यावी, असा हा सौम्य मार्ग.

तापलेला धातू थेट केसाला लावण्याचा मार्ग रोमन लोकांनी पुरेपूर चोखाळला होता. त्यांच्याकडे कॅलामिस्ट्रम नावाची पोकळ नळी असे. ती राखेतल्या निखाऱ्यांत तापवून दास आपल्या मालकिणीचे केस वळवी, आणि त्या दासाचे लॅटिन नावही राखेवरूनच पडले होते. त्याबरोबर तक्रारही आली. ओव्हिड या कवीने आपल्या प्रेयसीला उद्देशून एक अख्खी कविता लिहिली आहे ती एवढ्याचसाठी की, रंग आणि तापलेले लोखंड लावून तिने आपले सुंदर केस घालविले. ती बिचारी रडते आहे आणि कवी 'मी सांगत नव्हतो?' या थाटात बोलतो आहे. आमच्या घरी त्या सकाळी हीच भूमिका करण्याचा मोह मला झाला होता. आईने डोळे वटारल्यामुळे मी ती केली नाही.

आधुनिक काळातील चिमट्याचा इतिहास पॅरिसच्या मार्सेल ग्राटो या केशकर्तनकारापासून सुरू होतो. १८७२ च्या सुमारास त्याने तापलेल्या चिमट्याने केसांत लाटा पाडण्याची रीत काढली आणि ती त्याच्या नावाने जगभर गेली. चिमटा गॅसच्या ज्योतीवर तापवीत. तो किती तापला हे पाहण्याची युक्ती अशी, की आधी तो कागदावर दाबावयाचा. कागद करपला तर चिमटा केसांच्या लायक नाही. तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहणाऱ्या गृहिणीला ही युक्ती सांगावी लागणार नाही. परंतु या कागदाकडे मी आदराने पाहतो. केसाला विस्तवापासून जपण्याचे ते पहिले मापनयंत्र होय.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेस्लर या जर्मन माणसाने लंडनमध्ये याच्या पुढची पायरी गाठली. केसांना कायमच्या लाटा पाडणारे विजेचे यंत्र त्याने बनविले. प्रत्येकी सुमारे दोन पौंड वजनाचे पितळी रूळ, एका वेळी डझनभर. ते तापलेले रूळ डोक्याच्या कातडीला टेकू नयेत म्हणून वर झुंबरासारख्या सांगाड्यापासून सोडलेली प्रतिवजने. आणि खाली सहा तास न हलता बसलेली स्त्री. पहिल्या प्रयोगांत केसांना लावण्यासाठी त्याने गाईचे मूत्र व पाणी यांचे मिश्रण वापरले असे सांगतात, म्हणजे त्याने निदान एक पदार्थ तरी आमच्या परिचयाचा घेतला. प्रयोगासाठी केस होते त्याची पत्नी काटारीना हिचे. पहिल्या दोन खेपांना तिचे केस पार जळून गेले आणि डोक्याला भाजले. यंत्राचा शोधक म्हणून इतिहासात नाव राहिले ते नवऱ्याचे.

ही घटना ज्या सुमाराची, त्याच सुमारास बेंगळुरूत वीज आली. कावेरीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून १९०२ साली निघालेली वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, आणि १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पण रस्त्यावरची वीज घरातल्या केसांपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षे जावी लागली. बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांतील नट्यांची छायाचित्रे पाहावीत; भांगापासून कानाकडे उतरणाऱ्या त्या लाटा मार्सेलच्याच वंशातल्या. मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलगी ती छायाचित्रे पाही आणि आईकडून वेणी घालून घेई. चिमटा तिच्या नातीच्या हातात आला, आणि तो आला तेव्हा कागदावर दाबून पाहण्याची सवय मागेच राहून गेली होती. त्याच्या जागी एक आकडा दाखविणारी काच होती.

तो आकडा काय सांगतो हे समजण्यासाठी केस आतून कसा आहे हे पाहावे लागते. केसाचे पहिले शास्त्रीय काम हवामान मोजण्याचे होते हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाचा केस ताणून धरून हवेतील ओलावा मोजणारे यंत्र प्रसिद्ध केले. केस ओलाव्याने किंचित लांबतो आणि कोरडेपणाने आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून अगदी दमट हवेपर्यंत हा फरक शेकडा दोन-अडीचच्या घरात जातो. केसांच्या जुडीवर चालणारे असे आर्द्रतालेखक आपल्या वेधशाळांतही वर्षानुवर्षे वापरात होते. मुंबईस बदली झालेल्या मुलीची सकाळी सरळ केलेली बट दुपारी पुन्हा का वळते, याचे उत्तर त्या यंत्रातच आहे. बेंगळुरूची हवा समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरची, मुंबईहून कोरडी. म्हणून येथे तीच बट संध्याकाळपर्यंत टिकते.

आतली रचना कळली ती विसाव्या शतकात. इंग्लंडमधील लीड्स येथे १९३० च्या आसपास ॲस्टबरी यांनी लोकर आणि केस यांवर क्ष-किरण टाकून दाखविले की, वाफेत ताणलेल्या केसातील केराटिन या प्रथिनाची ठेवण बदलते. लोकरीच्या गिरण्यांना त्यात रस होता. केशरचनेचा विचार त्यांच्या मनातही नसावा. १९५१ साली पाउलिंग यांनी ही मूळची ठेवण मळसूत्रासारखी असल्याचे मांडले. आणि प्रथिनांची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते व कोणत्या कोनांत नाही, याचा जो नकाशा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत 'रामचंद्रन आलेख' म्हणून छापला जातो, तो गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली प्रसिद्ध केला. पुढे रामचंद्रन बेंगळुरूस भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९७१ मध्ये तेथे रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा राहिला. जे. पी. नगरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने यशवंतपुराकडे जाताना ती संस्था जवळच राहते. माझी पुतणी त्या गाडीने कित्येकदा गेली आहे, केस नीट सरळ करून.

शास्त्रज्ञ जे सांगतात त्याचा मला समजलेला अर्थ असा. केसातील प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या गाठींनी बांधलेल्या आहेत. काही सुरगाठी, काही निरगाठी. सुरगाठी पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस सुकला अथवा थंड झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बसतात. चिमट्याचा सारा खेळ यांच्या जिवावर. निरगाठी गंधकाच्या. त्या सोडवायला रसायने लागतात, आणि नेस्लरच्या यंत्राने जी कायमची लाट पडे ती यांच्यावर घाला घालूनच. या सर्वांवर बाहेरून कोकणातल्या घराच्या कौलांसारखी एकावर एक चढलेली खवल्यांची आच्छादने असतात. उष्णता पहिली उचकटते ती ही कौले. ती उचकटली की आतला ओलावा आणि प्रथिन निसटू लागते, केस खरखरीत होतो आणि विंचरताना तुटतो.

कोरड्या केसाचे केराटिन सुमारे २३० अंश सेल्सियसला वितळू लागते, आणि बाजारातील पुष्कळ चिमटे नेमके तेथपर्यंत तापतात. पुरी तळायचे तेल १८० अंशांच्या आसपास असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ओल्या केसाची गोष्ट याहून बिकट. त्याच्यातील केराटिन १५० अंशांच्या सुमारासच ढासळते. शिवाय आत अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन केसात बुडबुडे उठतात. पुरी फुगते त्याच न्यायाने केस फुगतो, आणि फुगला तेथे मोडतो. वैद्यकीय वाङ्मयात या विकाराची नोंद १९८६ पासून आहे. १९९४ मधील प्रयोगांत असे दिसले की, ओलसर केसांवर १२५ अंशांचा चिमटा एक मिनिट धरला तरी बुडबुडे होण्यास पुरेसे. त्या सकाळी आमच्या घरी चर्र असा जो आवाज झाला तो हाच.

मग वाऱ्यावर केस सुकू द्यावेत हेच उत्तम, असे आपण म्हणू. मीही म्हटले असते. परंतु कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ड्रायर जसा जवळ व जास्त तापलेला, तसा केसाचा पृष्ठभाग अधिक बिघडतो, हे अपेक्षेप्रमाणेच. मात्र नुसत्याच हवेवर सुकविलेल्या केसांत पृष्ठभाग शाबूत असूनही आतल्या पेशींना सांधणारा थर बिघडलेला दिसला. फार वेळ ओले राहणेही केसाला मानवत नाही. त्यांचा निष्कर्ष असा की, ड्रायर १५ सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलता ठेवावा. १५ सेंटिमीटर म्हणजे वीतभराला थोडे कमी. हे वाचले आणि मला भिंतीपलीकडची टोपली आठवली.

तेलाची कथाही आपल्या जवळची आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी १९९९ व २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेलाने केसातून निसटणारे प्रथिन स्पष्टपणे कमी झाले. इतर दोन तेलांनी तसे झाले नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो, हे त्यामागील कारण. खोबरेल विकणाऱ्यानेच हा अभ्यास केला हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरी कारणाची संगती पटण्यासारखी आहे. पण हा गुण न्हाण्याआधीच्या तेलाचा. तेल चोपडून त्यावर चिमटा फिरविणे म्हणजे केस तळणेच. चिमट्याआधी लावण्याची जी द्रव्ये हल्ली मिळतात त्यांत बहुधा सिलिकोन आणि तत्सम पदार्थ असतात. ती केसावर पातळ पापुद्रा धरतात आणि उष्णता हळू व सारखी आत जाऊ देतात. तो अंगरखा आहे, चिलखत नव्हे. द्रव्य सुकू द्यावे, केस पूर्ण कोरडा असावा, आकडा खाली ठेवावा आणि एकाच बटेवरून चिमटा पुनःपुन्हा फिरवू नये, एवढे पथ्य त्यासोबत पाळावेच लागते.

हे सारे मी घरात वाचून दाखविले तेव्हा आई म्हणाली, "आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं."

आत्या म्हणजे आईच्या वडिलांची आत्या. घरात लहानथोर सर्वच तिला आत्या म्हणत. आईच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या वर्षांत, ती साठीच्या पुढे होती. घरात कुणी बाळंतीण असली की तिची शेक-शेगडी आत्याच करी. गोवरीचे निखारे, त्यांवर ओवा, बाळंतशोपा, ऊद, धूर बसला की टोपली, टोपलीवर केस. निखाऱ्यांवर राख किती चढू द्यावी आणि टोपली किती उंच ठेवावी हे ती तळहाताच्या पाठीने ठरवी. हाताला सोसवेल तेच केसांना सोसवेल, एवढेच तिचे शास्त्र. या धुराचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. बंद खोलीतला तो धूर बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या छातीला अपायकारकच होता आणि डॉक्टर त्याला मनाई करतात ते योग्यच करतात. केस जपणाऱ्या त्या बायकांना श्वास जपण्याचे सुचले नाही.

आणखी एक गोष्ट आई सहज बोलून गेली. आत्या तेराव्या वर्षी विधवा झालेली. तिने जन्मभर शेगडी पेटविली ती दुसऱ्यांच्या केसांसाठी; स्वतःच्या डोक्यावरून लाल आलवणाचा पदर, आणि ठरावीक दिवशी मागील दारी येणारा न्हावी.

आपल्याकडील केसांचा इतिहास लिहिताना धूप आणि अलक यांबरोबर हाही कागद जोडणे भाग आहे. सत्यशोधक चळवळीचे आणि 'दीनबंधु' पत्राचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी ठरविले. ज्यांची रोजी त्या वस्तऱ्यावर चालत होती त्यांनी तो खाली ठेवला, आणि ज्यांच्या घरांत शास्त्रे होती त्या घरांना ते पुष्कळ काळ सुचले नाही. लोखंड्यांची ती सभा आत्याच्या जन्माआधीची. तिच्या गावापर्यंत तिचा आवाज आलाच नाही, की येऊनही कुणी ऐकला नाही, हे आईला सांगता आले नाही. न्हावी मात्र येत राहिला. शेवटच्या आजारात तो येईनासा झाला तेव्हा आत्याच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस आले होते. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आत्या तिचा हात धरून आपल्या डोक्यावरून फिरवायला लावी, आणि "मऊ आहेत का गं?" असे विचारी.

साखरपुड्याच्या सकाळी पुतणीने चिमटा कपाटातच ठेवला. तुटलेली बट लपेल असा सैल अंबाडा घालायचे ठरले होते. केस सुकविण्यासाठी तिने ड्रायर घेतला. आई मागे स्टुलावर बसली होती. तिने आपला उजवा हात पालथा करून त्या गरम झोतात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग पोरीचे मनगट धरून ड्रायर चार बोटे मागे नेला.

"एवढ्यावर धर," ती म्हणाली. "आत्या एवढ्यावर धरायची."